घराच्या ऑनलाइन किमतीचा अंदाज: आधी काय मोजायचे, मग काय पाहायचे

घरांच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की काही क्षणांत घराची किंमत पडद्यावर येते. बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की पुढची चौकशी त्याच्याभोवती फिरू लागते. त्याच्या जवळ जाणारे व्यवहार खरे वाटतात, लांबचे अपवाद वाटतात. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. एकच घर मालमत्ता एजंटांना दाखवले, पण प्रत्येक गटाला त्याचा मागणीभाव वेगळा सांगितला. घर तेच असूनही सांगितलेल्या भावाकडे एजंटांचे मूल्यांकन झुकले, आणि तो भाव आपण विचारात घेतला हे फार थोड्यांनी मान्य केले. रोज घरे पाहणाऱ्यांची ही गत होत असेल, तर आयुष्यात एकदोनदा घर विकणाऱ्याने जास्तच जपायला हवे.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी तुमचा कागद, मग यंत्राचा (म्हणजे संकेतस्थळाच्या संगणकाने काढलेला) आकडा, शेवटी दोन्हींची पडताळणी. क्रम उलटा केला तर पडताळणीला काही अर्थ राहत नाही.

टप्पा १: आकडा कशासाठी हवा ते लिहून ठेवा

घर विकायला काढायचे आहे, दुसऱ्याचे घर घ्यायचे आहे, कर्ज काढायचे आहे, भावंडांत वाटणी करायची आहे की नुसती उत्सुकता आहे? प्रत्येक कामाला चालणारी चूक वेगळी असते. उत्सुकतेपोटी पाहत असाल तर दहा टक्के इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. वाटणीत तेच दहा टक्के नाती तोडू शकतात. कर्ज देणारी संस्था तर स्वतःच्या पद्धतीनेच किंमत ठरवते, तुम्ही दाखवलेला पडद्यावरचा आकडा ती धरत नाही.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहा: काम कोणते, आणि जास्तीत जास्त किती टक्के चूक परवडेल. दुसरा आकडा सातव्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा २: घराचे माहितीपत्रक तयार करा

यंत्राला घर दिसत नाही, घराची नोंद दिसते. क्षेत्रफळ, खोल्या, बांधकामाचे वर्ष, मजला, ठिकाण, आधीचे व्यवहार आणि आसपासच्या विक्रीच्या नोंदी एवढ्यावर त्याचे गणित चालते. भिंतीतली ओल, दुपारचा उजेड, खिडकीखालचा रहदारीचा आवाज, मालकी हक्काच्या कागदातली त्रुटी यांतले सहसा काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. काही संकेतस्थळे आता फोटोही वाचतात, पण मालकाने जे टिपले तेवढेच फोटोत असते.

माहितीपत्रकात हे असू द्या:

- क्षेत्रफळ, आणि ते नक्की कोणते क्षेत्रफळ आहे
- खोल्या, न्हाणीघरे, मजला, लिफ्ट, गाडी लावायची हक्काची जागा
- बांधकामाचे वर्ष आणि मोठ्या दुरुस्त्यांची वर्षे (छत, नळजोडणी, वायरिंग, स्वयंपाकघर)
- मंजुरी नसलेले वाढीव बांधकाम असेल तर त्याची वेगळी नोंद
- मालकी: एकट्याची की सामायिक, कर्जाचा बोजा आहे का, भाडेकरू राहतो का
- घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असलेले गुण आणि दोष

यातली सर्वांत महागात पडणारी नोंद पहिलीच आहे. भिंतींच्या आतले चटई क्षेत्र, भिंती धरून येणारे बांधीव क्षेत्र, आणि जिना-व्हरांड्यासारख्या सामायिक जागेचा वाटा मिळवून सांगितलेले क्षेत्र हे तीन वेगळे आकडे आहेत. तुमची नोंद एका मापात आणि शेजारच्या विक्रीची नोंद दुसऱ्या मापात असेल, तर पुढचे सगळे गणित पहिल्या ओळीतच फसते. त्यामुळे टेप घ्या आणि खोल्या स्वतः मोजा. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणा. १० ने गुणून भागवले तर सात टक्क्यांहून अधिक क्षेत्रफळ हातातून जाते.

इशारा: मंजुरी नसलेली खोली क्षेत्रफळात मिळवू नका. तिचा उपयोग घेणाऱ्याला होईलही, पण यंत्राला ती पूर्ण किमतीची जागा वाटते आणि वकिलाला ती अडचण वाटते.

टप्पा ३: संकेतस्थळ न उघडता स्वतःचा अंदाज काढा

हा टप्पा सगळे टाळतात. कंटाळवाणा आहे हे खरे, पण संपूर्ण कामाचा कणा हाच आहे. यासाठी तुमच्या घरासारखी, जवळची, अलीकडे *विकली गेलेली* पाच-सहा घरे शोधा. विकायला काढलेली नव्हेत. मागणीभाव ही विकणाऱ्याची इच्छा असते. त्या इच्छेला घेणाऱ्याने किती मान दिला हे विक्रीच्या नोंदीतूनच कळते. नोंदी सरकारी दप्तरात, नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा जुन्या एजंटाकडे मिळतात. कुठे काय खुले आहे हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. नातलगांत झालेले, लिलावात झालेले आणि घाईने उरकलेले व्यवहार बाजूला काढा. त्यांत बाजाराचा भाव उतरलेला नसतो.

आता प्रत्येक विक्रीची किंमत तुमच्या घराच्या पातळीवर आणायची. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी काळ, मग क्षेत्रफळ, मग स्थिती आणि सोयी. काळाची दुरुस्ती शेवटी केली तर जुन्या भावावर काढलेले फरक आजच्या भावात मिसळतात.

एक उदाहरण पाहू. जवळचे घर आठ महिन्यांपूर्वी १०० ला विकले गेले, असे धरा.

- काळ: या आठ महिन्यांत त्या भागातले भाव ४ टक्के चढले. १०० चे झाले १०४.
- क्षेत्रफळ: ते घर तुमच्यापेक्षा १० टक्के मोठे आहे. सरळ १० टक्के वजा करण्याची चूक करू नका. जागा वाढते त्याच प्रमाणात किंमत बहुधा वाढत नाही, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि ठिकाण यांची किंमत लहान घरातही जवळपास तेवढीच असते. एकाच इमारतीतल्या, फक्त क्षेत्रफळात वेगळ्या असलेल्या दोन विक्रींची तुलना करून फरक काढा. तो ७ टक्के निघाला असे धरा. १०४ भागिले १.०७ म्हणजे सुमारे ९७.
- स्थिती: त्या घराचे स्वयंपाकघर नवे होते, तुमचे जुने आहे. फरक ३ टक्के. ९७ भागिले १.०३ म्हणजे सुमारे ९४.

या विक्रीवरून तुमच्या घराचा भाव ९४ च्या आसपास येतो. पाच-सहा विक्रींवरून असे पाच-सहा आकडे येतील. त्यांची सरासरी लगेच काढू नका. ज्या घरात सर्वांत कमी दुरुस्त्या कराव्या लागल्या त्याला जास्त वजन द्या.

इशारा: दुरुस्तीची दिशा चुकणे ही इथली नेहमीची चूक आहे. दुरुस्ती विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत होते, तुमच्या घराच्या नाही. त्या घरात चांगले काही जास्त असेल तर त्याची किंमत कमी करा. तुमच्या घरात चांगले काही जास्त असेल तर त्याची किंमत वाढवा.

तपासणी: अमेरिकेत गृहकर्जाच्या मूल्यांकनात अनेक वर्षे एक आडाखा चालत असे: अधिक-उणे धरून निव्वळ दुरुस्ती १५ टक्क्यांवर गेली, किंवा चिन्ह सोडून सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज २५ टक्क्यांवर गेली, तर ते घर तुलनेला पुरेसे सारखे आहे का याचा पुन्हा विचार करायचा. वरच्या उदाहरणात निव्वळ दुरुस्ती सुमारे ६ आणि एकूण १४ भरते. ते घर चालेल.

शेवटी तुमचा खालचा, मधला आणि वरचा आकडा लिहा, तारीख टाका आणि कागद बंद करा. आता संकेतस्थळ उघडायला हरकत नाही.

टप्पा ४: संकेतस्थळावरची तुमची नोंद आधी दुरुस्त करा

आकड्याकडे जाण्याआधी "घराची माहिती" हा भाग उघडा आणि माहितीपत्रकाशी ओळीने ताडून पाहा. क्षेत्रफळ जुने, खोल्या कमी, बांधकामाचे वर्ष रिकामे, पत्ता शेजारच्या गल्लीत अशा चुका सर्रास आढळतात. मालकाला नोंद सुधारता येत असेल तर सुधारा, पण आधीचा अंदाज टिपून ठेवल्याशिवाय नको. सुधारणेनंतर आकडा किती हलला यावरून यंत्र कोणत्या गोष्टीला किती वजन देते हे कळते. हा बदल दिसायला काही दिवस जाऊ शकतात.

जे खरे आहे तेवढेच भरा. आकडा वाढावा म्हणून एखादी खोली वाढवली तर घेणारा पाहायला येतो तेव्हा ती सापडत नाही, आणि मग तुमच्या बाकीच्या माहितीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

त्यानंतर दोन-तीन संकेतस्थळांवरचा आकडा, त्यांनी दिलेली खालची-वरची मर्यादा आणि तारीख असे टिपा. नुसता मोठ्या अक्षरातला आकडा टिपणे म्हणजे अर्धीच माहिती घेणे. तो आकडा खालच्या आणि वरच्या मर्यादेमधला एक बिंदू असतो. पट्टा रुंद असेल तर यंत्र स्वतःच सांगत असते की मला खात्री नाही.

इशारा: तीन संकेतस्थळांची सरासरी काढून आपण अचूकतेजवळ गेलो असे समजू नका. तिघेही बहुतेक त्याच सरकारी नोंदी आणि त्याच जाहिराती वाचतात. मूळ नोंद चुकली असेल तर तिघेही एकाच दिशेला चुकतात.

टप्पा ५: "चूक किती टक्के" हा आकडा नीट वाचा

बरीच मोठी संकेतस्थळे आपल्या अचूकतेचा आकडा प्रसिद्ध करतात. तो बहुधा मध्यक असतो: सगळ्या चुका लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्या तर बरोबर मधली चूक. चूक ७ टक्के असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ "जास्तीत जास्त ७ टक्के" असा होत नाही. निम्म्या घरांची चूक ७ टक्क्यांहून कमी होती आणि निम्म्यांची जास्त, एवढेच त्यातून कळते. जास्त म्हणजे किती, हे त्या आकड्यात नसते. म्हणून त्याच पानावर दुसरा तक्ता शोधा: विक्रीच्या किमतीच्या ५, १० आणि २० टक्क्यांच्या आत किती घरांचे अंदाज आले? २० टक्क्यांच्याही बाहेर पडलेल्या घरांचा वाटा पाहिला की जोखीम समजते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक लोक चुकवतात. २००६ मध्ये सुरू झालेले अमेरिकेतले झिलो हे संकेतस्थळ दोन वेगळे आकडे देते. विकायला काढलेल्या घरांसाठी मध्यक चूक सुमारे २ टक्के, आणि न काढलेल्या घरांसाठी सुमारे ७ टक्के. घर तेच, सूत्रही तेच, मग एवढा फरक का? घर विकायला काढले की त्याचा मागणीभाव यंत्राला कळतो. विकणाऱ्याने आणि एजंटाने प्रत्यक्ष घर पाहून ठरवलेला तो भाव असतो, आणि अंदाज त्याच्याकडे सरकतो. म्हणजे त्या २ टक्क्यांच्या अचूकतेत माणसाच्या डोळ्यांचा मोठा वाटा आहे. तुमचे घर अजून विकायला काढलेले नसेल तर २ टक्क्यांचा आकडा तुमच्यासाठी नाही.

यातूनच आणखी एक गैरसमज होतो. मालक घर जरा चढ्या भावाने विकायला काढतो, थोड्या दिवसांनी संकेतस्थळाचा अंदाजही वर जातो, आणि मालकाला वाटते की यंत्रानेही आपला भाव मान्य केला. खरे तर यंत्र त्याचाच भाव त्याला परत ऐकवत असते.

मध्यकाबाहेरच्या घरांचे काय होते याचे एक जाहीर उदाहरण आहे. २०१६ मध्ये झिलोचे तेव्हाचे प्रमुख स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी सिअॅटलमधले आपले घर सुमारे साडेदहा लाख डॉलरना विकले. त्याच सुमारास झिलोच्याच पानावर त्या घराचा अंदाज सुमारे साडेसतरा लाख डॉलर होता. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तर कंपनीने स्वतः घरे विकत घेऊन विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढच्या काही महिन्यांतले भाव किती अनिश्चित असतात हे आपल्या अपेक्षेपलीकडचे निघाले, असे कारण तिने दिले. एवढी माहिती हाताशी असलेल्यांची ही स्थिती असेल, तर आजच्या अंदाजावरून सहा महिन्यांनंतरचा भाव ठरवायला जाऊ नका.

टप्पा ६: तुमच्या गल्लीत यंत्र किती चुकते ते मोजा

देशभराची चूक तुमच्या कामाची नाही. तुमच्या भागात, तुमच्यासारख्या घरांत यंत्र किती आणि कोणत्या दिशेला चुकते हे हवे, आणि ते घरबसल्या मोजता येते.

जवळपासची, विकायला *न काढलेली* किंवा आजच काढलेली आठ-दहा घरे निवडा आणि त्यांचे अंदाज आज टिपून ठेवा. पडद्याचा फोटोच काढा. त्यातली घरे विकली जातील तशी विक्रीची किंमत शेजारी लिहा. एवढा वेळ नसेल तर अलीकडे विकल्या गेलेल्या घरांचा जुना आलेख पाहून, जाहिरात येण्याआधीचा अंदाज घ्या. हा दुसरा मार्ग कच्चा आहे, कारण सूत्र बदलल्यावर मागचा आलेखही नव्याने काढला जाऊ शकतो. विक्रीनंतरचा अंदाज तर मुळीच घेऊ नका. तेव्हा यंत्राला उत्तर आधीच कळलेले असते.

प्रत्येक घरासाठी: अंदाजातून विक्रीची किंमत वजा करा, विक्रीच्या किमतीने भागा, १०० ने गुणा. अधिक-उणे चिन्ह राखा.

समजा आठ घरांचे आकडे असे आले: −२, +३, +४, +५, +६, +७, +९, +११. मधल्या दोहोंची सरासरी ५.५ येते. म्हणजे तुमच्या भागात हे संकेतस्थळ साधारण साडेपाच टक्के चढे सांगते. हा झुकाव झाला, आणि तो दुरुस्त करता येतो. तुमच्या घराचा अंदाज १०० असेल तर १०० भागिले १.०५५, म्हणजे सुमारे ९५. फैलाव मात्र दुरुस्त होत नाही, तो मान्यच करावा लागतो. दोन्ही टोके धरली (१०० भागिले १.११ आणि १०० भागिले ०.९८) तर पट्टा सुमारे ९० ते १०२ असा येतो.

तपासणी: आकडे −१५ पासून +१८ पर्यंत विखुरलेले असतील आणि झुकाव शून्याजवळ असेल, तर "सरासरीने बरोबर आहे" म्हणून खूश होऊ नका. तुमच्या भागासाठी हा अंदाज निरुपयोगी आहे.

टप्पा ७: दोन पट्टे शेजारी ठेवा

तिसऱ्या टप्प्यातला तुमचा पट्टा आणि सहाव्यातला दुरुस्त केलेला पट्टा एका रेषेवर मांडा. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तो भाग तुमचा कामाचा पट्टा. त्याची रुंदी पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या टक्क्यांत बसते का ते पाहा. बसत असेल तर पुढे जा.

पट्टे एकमेकांवर येतच नसतील तर दोघांतला कोणीतरी चुकला आहे. आधी स्वतःवर संशय घ्या: क्षेत्रफळाचे माप, दुरुस्तीची दिशा, मागणीभाव चुकून विक्रीभाव म्हणून धरला का. ते नीट असेल तर यंत्राला न दिसलेली गोष्ट शोधा. बहुतेक वेळा ती माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत सापडते.

वाटाघाटीत संकेतस्थळाचा आकडा पुढे करू नका. समोरच्याकडे दुसऱ्या संकेतस्थळाचा, त्याच्या सोयीचा आकडा असतोच. तिसऱ्या टप्प्यातल्या विक्रींचा तक्ता ठेवा. त्यावर बोलणे होऊ शकते.

कोणत्या घरांसाठी हा मार्ग सोडून द्यावा

आसपास वर्षभरात चार-पाचही विक्री झाल्या नसतील तर यंत्राकडे आणि तुमच्याकडेही तुलनेला काही नाही. फार जुनी, फार मोठी किंवा विचित्र आराखड्याची घरे, मोठ्या जमिनीवरची घरे, वाद चालू असलेली किंवा सामायिक मालकीची घरे, भाडेकरू असलेली घरे आणि नुकत्याच उभ्या राहिलेल्या वसाहती या सगळ्यांत ऑनलाइन अंदाज पाहण्यात वेळ घालवू नका. वाटणी, घटस्फोट, न्यायालय किंवा कर यांसाठी आकडा हवा असेल तर घर कितीही साधे असले तरी परवानाधारक मूल्यनिर्धारकच बोलवा.

त्यांच्या हाती माहितीपत्रक, मंजूर नकाशा, दुरुस्त्यांच्या पावत्या आणि विक्रींची यादी द्या. तुमचा मधला आकडा आणि संकेतस्थळाचा आकडा मात्र अहवाल हातात येईपर्यंत सांगू नका. अहवालात त्यांनी तुलनेसाठी कोणती घरे घेतली, प्रत्यक्ष घराच्या आत येऊन पाहिले का, आणि मूल्यांकनाची तारीख कोणती या तीन गोष्टी तपासा. तुमच्या यादीतली जवळची विक्री त्यांनी वगळली असेल तर कारण विचारा. चांगला मूल्यनिर्धारक ते लगेच सांगतो.

कागद जुना कधी होतो

दर महिन्याला संकेतस्थळ अर्धा-एक टक्का वर-खाली दाखवते. त्यावरून काही ठरवू नका, कारण तो बदल यंत्राच्या नेहमीच्या चुकीपेक्षा कितीतरी लहान आहे. तिसरा टप्पा पुन्हा करायची वेळ तीन प्रसंगी येते: तुमच्यासारखे जवळचे घर नव्याने विकले गेले, कर्जाचे व्याजदर ठळकपणे बदलले, किंवा घरात मोठी दुरुस्ती झाली. यांतले काही घडले नाही तरी तीन महिने उलटल्यावर, भाव जाहीर करण्याच्या आधी, काळाची दुरुस्ती तेवढी नव्याने करा. बाकीच्या ओळी तशाच राहू द्या.